‘पिउस’चा माग: व्हर्जिलच्या महाकाव्यातला एक शब्द भाषांतरांतून कसा शोधायचा

रोमन कवी व्हर्जिलचे लॅटिन महाकाव्य ‘ईनिड’ मराठी वाचकाच्या हाती सहसा इंग्रजीतून येते. कथा कळते, प्रसंग भिडतात, पण एक गोष्ट इंग्रजीत हमखास विरघळून जाते: कवीने एकच शब्द पुन्हा पुन्हा, मोक्याच्या जागी ठेवलेला असतो, आणि भाषांतरकार तो दरवेळी नवा करून टाकतो. नायकाचे बिरुद असलेला ‘पिउस’ हा असा शब्द आहे. लॅटिन पुरते न येताही या शब्दाचा माग काढता येतो. त्याची पद्धत इथे पायरीपायरीने दिली आहे. शेवटी त्याला मराठीत काय म्हणायचे, याचाही विचार आहे. तो प्रश्न कोशात सुटत नाही, माग काढल्यावरच सुटतो.

ट्रॉयच्या नाशातून वाचून इटलीकडे निघालेल्या या नायकाचे नाव इंग्रजी उच्चारात ‘इनीअस’ होते. इथे लॅटिनला जवळचे म्हणून ‘ऐनेआस’ लिहिले आहे.

आधी संहिता

काव्याचे बारा सर्ग आणि 9,896 ओळी. प्रत्येक ओळीचा पत्ता सर्ग आणि ओळ असा देतात: 1.378 म्हणजे पहिल्या सर्गातली 378वी ओळ. हे क्रमांक लॅटिन संहितेचे असतात, आणि पहिली गफलत इथेच होते. ड्रायडनचे 1697चे भाषांतर यमकांच्या जोड-ओळींत आहे, त्याच्या ओळी मुळापेक्षा खूप जास्त भरतात. त्यात 378वी ओळ शोधली तर भलताच प्रसंग निघतो. पद्य भाषांतर वापरताना पानाच्या वर मूळ ओळींचे क्रमांक छापले आहेत का ते पाहा. नसतील तर प्रसंगावरून जागा ठरवा.

सुरुवातीला तीन गोष्टी पुरेत. एक, लॅटिन मूळ आणि समोरच्या पानावर इंग्रजी अशी प्रत. लोएब मालेतली लाल कव्हरची पुस्तके अशीच असतात. दोन, संगणकावर शोधता येईल अशी लॅटिन संहिता. पर्सियस डिजिटल लायब्ररीत ती मोफत आहे, आणि तिथे शब्दावर टिचकी मारली की रूप आणि अर्थ उलगडतो. तीन, एकमेकांपासून दूरच्या काळातली किमान दोन भाषांतरे. एकाच पिढीतले दोन भाषांतरकार बरेचदा एकाच दिशेने चुकतात.

रूपे गोळा करा, आणि खोटी रूपे गाळा

लॅटिनमध्ये शब्दाचे शेपूट विभक्तीप्रमाणे बदलते. मराठीत ‘घर’ शोधताना ‘घरात’, ‘घरी’, ‘घराला’ धरावे लागतात, तसेच इथेही. विशेषणाची रूपे पिउस, पिआ, पिउम, पिई, पिओ, पिओस, पिआस, पिईस, पिओरुम अशी चालतात. नाम ‘पिएतास’ आहे, त्याचे पिएतातिस, पिएताते वगैरे होते. उलट अर्थाचा ‘इम्पिउस’ आणि त्याची रूपे स्वतंत्र शोधायची. शिवाय ‘आणि’ या अर्थाचे ‘क्वे’ शब्दाला मागून चिकटते, म्हणून पूर्ण शब्द जुळवणारा शोध काही जागा चुकवतो.

उलट, अर्धा शब्द टाकून शोधले तर कचरा येतो. ‘पिउस’ टाकला की ‘सैपिउस’ही सापडतो. त्याचा अर्थ ‘अनेकदा’, आपल्या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. ‘पिआ’ टाकला की ‘कोपिआ’ येतो, आणि सहाव्या सर्गातल्या स्किपिओ घराण्याचे ‘स्किपिआदास’ही येते. प्रत्येक सापडलेली ओळ उघडून पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका. संगणकाने दिलेला आकडा म्हणजे अभ्यास नव्हे.

वहीतले सात रकाने

एका पानावर सात रकाने आखा: पत्ता, रूप, कोण बोलते, कोणाबद्दल, लगेच आधी काय घडले, निष्ठेची दिशा कोणाकडे, आणि इथे दुसरा कुठला शब्द बसला असता का. एका सर्गाला दोन-तीन तास लागतात. सुरुवात पहिल्या सर्गाने करा, त्यात 756 ओळी आहेत. मग चौथा, सहावा, दहावा आणि बारावा घ्या. बाकीचे नंतर.

यातला ‘कोण बोलते’ हा रकाना सर्वांत मोलाचा, आणि नवखा वाचक नेमका तोच रिकामा सोडतो. निवेदकाने ‘पिउस ऐनेआस’ म्हणणे वेगळे, आणि पात्राने म्हणणे वेगळे. 1.378 मध्ये ऐनेआस स्वतःच म्हणतो, ‘सुम पिउस ऐनेआस’, मी पिउस ऐनेआस. शिकारी मुलीच्या वेषात आलेली आई व्हीनस समोर उभी आहे, त्याने तिला ओळखलेले नाही. वादळात जहाजे गमावून तो परक्या किनाऱ्यावर आहे. आजच्या वाचकाला ही बढाई वाटते. पण पुढचेच शब्द पाहा: शत्रूच्या हातून सोडवलेले कुलदैवत मी जहाजातून सोबत नेतो आहे. स्वतःच्या गुणांचे वर्णन म्हणून तो हे बोलत नाही. अंगावर घेतलेली जबाबदारी सांगतो आहे.

अकराव्या सर्गात जुना शत्रू डायोमीडीझ बोलतो. ट्रॉयचे वीर हेक्टर आणि ऐनेआस दोघेही शौर्यात थोर, पण पिएतासमध्ये ऐनेआस पुढे, असे तो 11.292 मध्ये म्हणतो. शत्रूची ही साक्ष निवेदकाच्या बिरुदापेक्षा जड आहे. ती वहीत वेगळ्या शाईने लिहावी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्गात निवेदक जवळजवळ गप्प असतो, कारण ट्रॉयच्या नाशाची आणि भटकंतीची कथा ऐनेआस स्वतः कार्थेजची राणी डायडो हिला सांगतो. तिथे बिरुद कमी दिसले तर कवीने ते टाळले असा निष्कर्ष काढू नका. बोलणाराच बदललेला आहे.

दिशा: वर, खाली, बाजूला

इंग्रजीत ‘पायस’ म्हणजे देवभोळा, धार्मिक वृत्तीचा. मराठी वाचकाच्या कानात हा अर्थ आणखी पक्का बसतो, कारण ‘पायस’ हे वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांतले ओळखीचे नाव आहे, आणि गोरेगावला सेंट पायस नावाची सेमिनरीच आहे. पोपांनी हे नाव घेतले तोवर शब्द ख्रिस्ती झाला होता. व्हर्जिलचा शब्द त्याआधीचा आहे. देव, आईबाप, मुलेबाळे, सोबती आणि आपली माणसे यांचे जे देणे लागतो ते मानणारा, तो पिउस. आपल्याकडे देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण म्हणतात, त्या कल्पनेची इथे खरी मदत होते. ‘ऋण’ हा शब्द मनात ठेवला की अर्धे गैरसमज टळतात.

दिशेचा रकाना भरताना हे दिसत जाते. 1.220 मध्ये बुडालेल्या सोबत्यांसाठी तो मनात हळहळतो: दिशा सोबत्यांकडे. 6.176 मध्ये सोबती मिसेनुसचे अंत्यविधी आहेत, आणि 7.5 मध्ये दाई कायेताचे. 8.84 मध्ये देवी यूनोला बळी दिला जातो. 6.688 मध्ये पाताळात बाप अँकायसीझ मुलाला म्हणतो की तुझ्या पिएतासने ही खडतर वाट जिंकली: दिशा बापाकडे.

बापाला खांद्यावर घेऊन जळत्या ट्रॉयमधून निघालेला ऐनेआस पाहिला की आपल्याला श्रावणबाळ आठवतोच. ती आठवण दाबू नये, पण तिथेच थांबूही नये. हात रक्ताने माखलेले असल्यामुळे ऐनेआस कुलदैवत बापाच्या हाती देतो, लहान मुलाला बोटाशी धरतो, आणि मागून चालणारी बायको क्रेऊसा अंधारात हरवते. हे एकट्या पितृभक्तीचे चित्र नाही. देव, बाप आणि मूल यांचा भार एकदम उचलताना कोणीतरी सुटते, आणि ते शेवटपर्यंत सुटत राहते.

वरून खाली येणारी दिशाही आहे, आणि बहुतेकांची यादी तिथे अडखळते. 2.536 मध्ये ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, डोळ्यांदेखत मुलगा मारला गेल्यावर म्हणतो, स्वर्गात जर काही पिएतास असेल तर देव तुला याचे फळ देतील. 5.688 मध्ये जहाजे पेटल्यावर ऐनेआस देवराज ज्यूपिटरला जवळपास हेच म्हणतो: तुझी पूर्वीची पिएतास माणसांच्या कष्टांकडे बघत असेल तर वाचव. इथे ‘धार्मिकता’ घातली तर वाक्य हास्यास्पद होईल, देव कोणाची पूजा करणार? इथे अर्थ दयेकडे झुकतो. इंग्रजीतले ‘पायटी’ आणि ‘पिटी’ हे दोन्ही शब्द याच पिएतासमधून निघाले, आणि मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पाचे नावही तिथलेच. म्हणून या दोन जागांवर वहीत खूण करा. भाषांतराची परीक्षा इथे होते.

वृत्ताची चाचणी

बिरुद हे ओळ भरण्यासाठी घातलेले ठरावीक विशेषण असेल, असा आक्षेप हमखास येतो. महाकाव्यात तसे घडतेही. म्हणून तपासा. व्हर्जिलची ओळ सहा गणांची असते. गण एकतर गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, नाहीतर दोन गुरू. ‘पिउस ऐनेआस’ म्हटले की पि आणि उस हे दोन लघु, कारण पुढचा शब्द स्वराने सुरू होतो. मग ऐ-ने-आस हे तीन गुरू. मागे ‘तुम’ किंवा ‘आत’ असा एक गुरू ठेवला की ओळीचा आरंभ तयार होतो.

आता ‘पतेर’ घ्या, अर्थ बाप. प-तेर, स्वरापुढे तेही दोन लघु. ‘तुम पिउस ऐनेआस’ आणि ‘तुम पतेर ऐनेआस’ मोजायला तंतोतंत सारखे. म्हणजे निवड करताना वृत्त आड येत नव्हते. पाचव्या सर्गात दोन्ही जवळजवळ भेटतात. 5.685 मध्ये जहाजे जळताना अंगावरचे वस्त्र फाडून देवाला हाक मारणारा ऐनेआस ‘पिउस’ आहे. पंधरा ओळींनंतर, 5.700 मध्ये, आग विझली आहे, काही जहाजे गेली आहेत, आणि लोकांना इथेच ठेवावे की पुढे न्यावे या विवंचनेत तो आहे. तिथे तो ‘पतेर’ आहे. देवापुढे पिउस, लोकांपुढे बाप. प्रत्येक जागी फरक इतका स्वच्छ निघत नाही, पण शेवटचा रकाना याच प्रश्नासाठी आहे.

चौथा सर्ग: एक शब्द, एकाच जागी

चौथ्या सर्गात 705 ओळी आहेत. डायडो आणि ऐनेआस यांचे प्रेम, देवांचा निरोप, तिचा आक्रोश. या सगळ्यात निवेदक ऐनेआसला ‘पिउस’ एकदाच म्हणतो, 4.393 मध्ये. तिचे जळजळीत भाषण नुकतेच संपले आहे, ती कोसळली आहे, दासींनी तिला आत नेले आहे. पुढे चार ओळींचे एक वाक्य येते. त्याचा अर्थ असा: पण पिउस ऐनेआस, तिचे दुःख शांतवावे, शब्दांनी तिची काळजी दूर करावी असे वाटत असतानाही, खूप उसासे टाकत, मोठ्या प्रेमाने आतून हललेला, तरी देवांची आज्ञा पाळतो आणि ताफ्याकडे परततो.

हे वाक्य तोडू नका. ‘पिउस’ आरंभी आहे, ‘तरी’ चौथ्या ओळीत, आणि मध्ये प्रेम दाबून धरलेले आहे. इंग्रजीत याची दोन-तीन वाक्ये केली की पहिल्या वाक्यात बिरुद दया दाखवण्याशी जोडले जाते, आणि जाण्याशी असलेला त्याचा संबंध तुटतो. ड्रायडन इथे ‘गुड’ म्हणतो, फिट्झजेराल्ड 1983च्या भाषांतरात ‘ड्यूटी-बाउंड’. पहिला सौम्य करतो, दुसरा आवळतो. 1.378 मध्येही ड्रायडनचा ‘गुड’ आणि फिट्झजेराल्डचा ‘ड्यूटी-बाउंड’ आहे, तर मँडेलबॉम 1971 मध्ये सरळ ‘पायस’ ठेवतो. ‘गुड’ने काहीच बिघडत नाही, पण काहीच कळतही नाही. ‘ड्यूटी-बाउंड’ने निरोपाचा प्रसंग उजळतो, मात्र सोबत्यांसाठी हळहळणारा माणूस कचेरीतला वाटू लागतो.

पुढची पायरी तितकीच गरजेची. 4.496 मध्ये डायडो बहिणीला चिता रचायला सांगताना ऐनेआसला ‘इम्पिउस’ म्हणते. निवेदकाच्या ‘पिउस’नंतर शंभरएक ओळींत तिने तोच शब्द उलटा करून फेकला आहे. मग 4.596 मध्ये ती स्वतःशी बोलताना ‘इम्पिआ’ कृत्यांचा उल्लेख करते. ती कृत्ये त्याची की तिची, यावर अभ्यासकांत वाद आहे. तिनेही मृत पतीच्या राखेला वचन दिले होते आणि मोडले होते. भाषांतरात एका ठिकाणी ‘ड्यूटी-बाउंड’ आणि दुसरीकडे ‘निर्दय’ अर्थाचा शब्द आला की हा धागा तुटतो. वाचकाला त्यांचा एकमेकांशी संबंध होता हेही कळत नाही.

दहावा सर्ग: जिथे शब्द टोचतो

इटलीतल्या मित्रराजाचा तरुण मुलगा पालास शत्रू टर्नुसच्या हातून मारला गेल्यावर ऐनेआस बेभान होतो. पालासच्या चितेवर बळी द्यायला तो आठ तरुण जिवंत पकडतो, 10.517च्या आसपास. दयेची याचना करणाऱ्यांना मारतो. आणि या कत्तलीच्या मध्येच, 10.591 मध्ये, रथातून पडलेल्या लुकागुसशी कडवट शब्दांत बोलणाऱ्याला कवी ‘पिउस ऐनेआस’ म्हणतो. बरेच भाषांतरकार इथे शब्द गाळतात किंवा मवाळ करतात. गाळू नये. पालासच्या बापाला दिलेल्या शब्दाचे ऋण तो रक्ताने फेडतो आहे, आणि तेही पिएतासच आहे का, हा प्रश्न कवीने त्या एका शब्दाने उभा केला आहे.

त्यानंतर लाउसुस. शत्रुपक्षातला हा मुलगा जखमी बापाला वाचवायला मध्ये पडतो. 10.812 मध्ये ऐनेआस त्याला ओरडून सांगतो की तुझी पिएतास तुला फसवते आहे. मग त्याला मारतो, मरत्या चेहऱ्याकडे बघतो, आणि नेमक्या त्या ओळीत, 10.822 मध्ये, कवी ऐनेआसचे नाव घेत नाही, ‘अँकायसीझचा पुत्र’ म्हणतो. दोन ओळींनी बापावरच्या पिएतासची प्रतिमा त्याच्या मनाला भिडते. जवळपास हीच ओळ 9.294 मध्ये ऐनेआसचा मुलगा यूलुस याच्याबद्दल येऊन गेलेली आहे. वहीत दोन्ही समोरासमोर मांडा. तीन पिढ्या एका शब्दावर उभ्या दिसतील.

शब्दाला राजकीय वजनही होते. इ.स.पू. 27 मध्ये रोमच्या सेनेटने सम्राट ऑगस्टसला सोन्याची ढाल अर्पण केली, तिच्यावर चार गुण होते: शौर्य, क्षमा, न्याय आणि पिएतास. बाप खांद्यावर घेतलेला ऐनेआस त्याआधीच सीझरच्या नाण्यावर आलेला होता. म्हणून दहाव्या सर्गातला तो शब्द त्या काळच्या वाचकाला नुसता काव्यातला वाटत नसणार.

मराठी शब्द ठरवताना

उमेदवार मांडा आणि प्रत्येकाला तीन जागांवर बसवून पाहा: 4.393 आणि 4.496 ही जोडी, 10.591, आणि 1.220.

‘भाविक’, ‘श्रद्धाळू’ हे पहिल्याच फेरीत जातात, त्यांची दिशा फक्त देवाकडे. ‘सद्गुणी’ म्हणजे ड्रायडनचा ‘गुड’. ‘कर्तव्यनिष्ठ’ अर्थाने जवळ आहे, पण त्याला निवृत्ती समारंभातल्या मानपत्राचा वास येतो, आणि उलट करायला गेले की ‘कर्तव्यशून्य’ मिळतो. डायडो तो शब्द कधीच वापरणार नाही. ‘निष्ठावान’ आज पक्षाच्या कार्यकर्त्यांनी व्यापला आहे. ‘धर्मनिष्ठ’ आता एका विशिष्ट धर्माला धरून राहणारा असा ऐकू येतो.

आमचा कौल ‘धर्मशील’ला. त्यातला धर्म म्हणजे पुत्रधर्म, राजधर्म, शेजारधर्म म्हणताना असतो तो. निर्णायक कारण जोडीचे: ‘धर्मशील’चा उलट ‘अधर्मी’, आणि तो संतापलेल्या डायडोच्या तोंडी सहज बसतो. कानाला दोन्हींत ‘धर्म’ ऐकू येतो, म्हणून धागा तुटत नाही. 10.591 मध्येही ‘धर्मशील ऐनेआस’ बरोबर टोचतो. 1.220 मध्ये तो किंचित जड वाटतो, ते सोसावे. बिरुद सगळीकडे एकच ठेवणे जास्त महत्त्वाचे.

2.536 आणि 5.688 मध्ये मात्र ‘धर्म’ ताणू नका. तिथे ‘दया’ किंवा ‘करुणा’ लिहा आणि तळटीपेत सांगा की मूळ शब्द तोच आहे. नियम मोडला की वाचकाला कळवायचे, गुपचूप मोडायचा नाही.

बारावा सर्ग आणि रिकामी जागा

12.311 मध्ये तह मोडून लढाई पेटते तेव्हा ‘पिउस ऐनेआस’ उघड्या डोक्याने, शस्त्राविना उजवा हात पुढे करून आपल्याच माणसांना थांबवतो आहे, आणि लगेच कुठूनसा बाण त्याला लागतो. 12.839 मध्ये ज्यूपिटर यूनोला वचन देतो की ट्रोजन आणि इटालियन रक्ताची ही मिश्र जात पिएतासमध्ये माणसांच्याच काय, देवांच्याही वर जाईल. त्यानंतर शंभरएक ओळींत काव्य संपते. शरण आलेला टर्नुस बापाच्या नावाने विनवतो, ऐनेआस थबकतो, मग टर्नुसच्या खांद्यावर पालासचा पट्टा दिसतो, आणि क्रोधाने पेटून तो तलवार घालतो. या शेवटच्या प्रसंगात निवेदक त्याला पिउस म्हणत नाही, इम्पिउसही म्हणत नाही. भाषांतर करताना लय भरायला इथे ‘धर्मशील’ घालायचा मोह होतो. तो टाळा, आणि वहीतही ही ओळ ‘शब्द नाही’ असे लिहून नोंदवा.

त्याच प्रसंगात पुढच्या मागासाठी शब्द मिळतो. 12.950 मध्ये तलवार छातीत घालण्याचे क्रियापद ‘कोंदेरे’ आहे, आणि काव्याच्या आरंभी, 1.5 मध्ये शहर वसवण्यासाठी व 1.33 मध्ये रोमन वंशाची स्थापना करण्यासाठी कवीने हेच वापरले होते. इंग्रजी भाषांतरकाराला दोन्ही अर्थ एका क्रियापदात धरताना फार झगडावे लागते. मराठीत मुहूर्तमेढही रोवतात आणि पातेही छातीत रोवतात.